भ्रूणसर

वऱ्हाडात वावराची वाटणी करायची म्हटलं की बैठकीला चार माणसं लागतात. एक मामा, एक तलाठ्याच्या ओळखीचा, एक धुऱ्यावरचा जुना दगड कुठं होता हे आठवणारा म्हातारा आणि एक शिकलेला. या चौथ्या जागेवर आमच्या सरांना बोलावण्याची चूक अमरावती जिल्ह्यात पुष्कळांनी केली आहे. एकाच घरानं ती दोनदा केल्याचं मात्र ऐकिवात नाही.

सर अमरावतीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा विषय सपुष्प वनस्पतींचा भ्रूण. त्यातही भ्रूणातलं पेशीविभाजन, आणि त्यातही पहिलं. दुसऱ्या विभाजनापर्यंत ते आनंदानं येतात, चौथ्यापर्यंत ओढत आणावं लागतं, आणि पुरं वाढलेलं झाड हा त्यांच्या लेखी परीक्षेला न येणारा भाग आहे. गल्लीत, बँकेत, एसटी स्टँडवर त्यांना भ्रूणसर म्हणतात. खरं नाव पेन्शनच्या कागदांवर सुरक्षित आहे.

हा नमुना एकटा नाही. पंचानन माहेश्वरींचं सपुष्प वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानावरचं पुस्तक १९५० साली आलं. जयपूरच्या या माणसानं दिल्ली विद्यापीठात या विषयाचं एक घराणंच उभं केलं. त्या पुस्तकावर पोसलेली अख्खी पिढी देशभरच्या कॉलेजांत पसरली. कळ्या तोडायच्या, मेणात बसवायच्या, मायक्रोटोमवर त्यांचे दहा-दहा मायक्रॉनचे काप काढायचे, सॅफ्रनिन आणि फास्ट ग्रीननं रंगवायचे आणि मग एका डोळ्यानं सूक्ष्मदर्शकात पाहत दुसऱ्या डोळ्यानं वर्गावर लक्ष ठेवायचं. सर त्या पिढीच्या शेपटाचे. त्यांच्या डाव्या तर्जनीला सॅफ्रनिनचा जो लाल डाग पडला, तो मतदानाच्या शाईलाही दाद देत नाही. एका निवडणुकीत केंद्रावरच्या बाईंनी बोट पाहून विचारलं, "काका, आधीच करून आले काय?" सरांनी सॅफ्रनिन लिग्निनला कसं धरतं ते समजावून सांगितलं. मागची रांग उन्हात होती.

सरांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतो. मेणकागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड, दोन सुया आणि दहापट भिंग एवढा ऐवज असतो. राजकमल चौकात संत्र्याच्या रसाच्या गाडीवर उभे राहिले की ते रसाकडे पाहत नाहीत, गाळणीत उरलेल्या बिया मागून घेतात. गाडीवाला आता न मागता पुडी बांधून ठेवतो. मग तिथंच, बाकड्याच्या कडेला, प्रयोग सुरू. बी चिमटीत धरायची. टोकाशी ब्लेडची चीर. बाहेरचं पांढरं, चिवट कातडं सोलायचं. आत तपकिरी पापुद्रा, तो नखानं निघतो. त्याच्या आत पोपटी हिरवा गर. सुईनं हलकेच दाबलं की तो एकसंध राहत नाही, त्याचे तुकडे होतात: एक मोठा, एक मध्यम, आणि टोकाच्या अडचणीत दाटीवाटीनं बसलेले दोन-तीन बारके. हा प्रत्येक तुकडा म्हणजे वेगळा भ्रूण.

"एका बीत पाच पोट्टे," सर भिंग पुढं करत सांगतात, "आन् त्यातल्या चौघाईले बाप नाही."

गाडीवर बायका-मुलं असतात. गाडीवाला घाईनं मिक्सर सुरू करतो.

पण सर म्हणतात ते खरं आहे. संत्र्याच्या बीत एकाहून जास्त रोपं दडलेली असतात हे लेव्हेनहूकनं १७१९ मध्येच पाहिलं होतं. त्याचं गूढ १८७८ मध्ये स्ट्रासबुर्गर यांनी उकललं. परागकण आणि अंड यांच्या मीलनातून होणारा भ्रूण बहुधा एकच. बाकीचे न्यूसेलस नावाच्या आईच्या ऊतीतून परस्पर उगवतात, आणि म्हणून हुबेहूब आईसारखे निघतात. हे करायला लावणारं जनुक २०१७ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी नेमकं दाखवलं, पुढच्या वर्षी जपानमधल्यांनीही तिकडंच बोट केलं. जनुकाच्या दाराशी, म्हणजे ते चालू-बंद करणाऱ्या भागात, डीएनएचा एक उपरा तुकडा येऊन बसला आहे. तेवढ्यानं वरूड-मोर्शीच्या बागांतलं प्रत्येक झाड स्वतःची नक्कल बीत भरून ठेवतं. ही बातमी आली त्या दिवशी सरांनी कॉलनीत पेढे वाटले. नात झाली असेल म्हणून लोकांनी अभिनंदन केलं. सरांनी ते स्वीकारलं.

वर्गात सर वेगळे नव्हते. आम्हाला सगळ्यांना कॅप्सेलाचा भ्रूण काढावा लागे. १८७० मध्ये हान्स्टाइन यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हापासून तो पाठ्यपुस्तकांत ठाण मांडून आहे. कॅप्सेला हे मोहरीच्या कुळातलं तण आमच्या वर्गात कुणीही डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. तरी त्याच्या भ्रूणाचा जन्म ते गोल, हृदयाकृती आणि टॉर्पेडो अवस्था हा सगळा प्रवास आम्हाला तोंडपाठ. घरासमोर वाढलेल्या कडुनिंबाला फुलं कोणत्या महिन्यात येतात हे विचारलं असतं तर अर्धा वर्ग नापास झाला असता. सरांनी ते कधीच विचारलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

या माणसाच्या आयुष्यात जनुकं जरा उशिरा आली. १९९१ मध्ये जर्मनीत गेर्ड युर्गेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अराबिडॉप्सिस नावाच्या, कॅप्सेलाच्याच भाऊबंदातल्या तणाचे बिघडलेले भ्रूण शोधून त्यांची यादी छापली. एखादं जनुक मोडलं की भ्रूणाचं नेमकं काय हुकतं, हे त्यातून कळायला लागलं. एकात वरचा भाग गायब, एकात मूळ गायब. नावं ठेवताना त्या मंडळींनी जर्मन भाषेतल्या काकडी, गदा, कंद, पिंप, मशाल यांना हात घातला. ती यादी सरांच्या हाती आली तेव्हा आजवर नुसती चित्रं काढून थकलेल्या माणसाला एकाएकी कारणं मिळाली. अर्धं आयुष्य 'असं होतं' म्हणण्यात गेलं होतं. आता 'का होतं' म्हणायची सोय झाली. त्या दिवसापासून सर बिघडले, असं काकू सांगतात.

२००९ मध्ये कळलं की भ्रूणाचं पहिलं विभाजन ठीक व्हावं म्हणून बापाकडून, म्हणजे परागातून, एक निरोप आगाऊ येतो. शॉर्ट सस्पेन्सर नावाच्या जनुकाची प्रत परागातच तयार होते, फलनानंतर तिच्यापासून प्रथिन बनतं आणि ते योडा नावाच्या दुसऱ्या जनुकाची साखळी चालू करतं. एवढं झालं की बापाच्या या निरोपाचं काम संपलं. बडनेऱ्याच्या एका लग्नात सरांनी हे नवरदेवाच्या वडिलांना आहेराच्या रांगेत ऐकवलं. "तुमचं काम एवढंच. निरोप पोचवला, आता बाजूले व्हा." गृहस्थ कार्यालयाचं बिल भरून नुकतेच आले होते. तेही त्यांना तितकंच पटलं.

सरांना या विश्वात एकच माणूस आवरू शकतो, आणि तो अकोल्याला राहतो. दोघं एम.एस्सी.चे सोबती. अकोल्याचे हे गृहस्थ डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात वाण काढता काढता निवृत्त झाले. हाही एक नमुनाच. अमरावतीचे सर जग एका पेशीत मोजतात, अकोल्याचे क्विंटलमध्ये. सूर्यास्त सुंदर आहे म्हटलं तर ते एकरी किती असं विचारतील.

सर अधूनमधून एसटीनं अकोल्याला जातात. २०२२ च्या जूनमध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीजचा विक्रम झाला. सगळं वऱ्हाड त्या अभिमानात होतं. सरांनी बोटांवर हिशेब केला. "साडेचार दिवस होतात. तेवढ्यात अराबिडॉप्सिसचा भ्रूण एका पेशीपासून हृदयावस्थेच्या आसपास येते. आन् त्याले रोलर लागत नाही." शेजारच्या सीटवरच्या माणसानं मूर्तिजापूरलाच उतरून घेतलं.

जठारपेठेतल्या बैठकीत दोघांची जुंपते ती ऐकण्यासारखी.

"उतारा किती?" अकोला विचारतं.

"कायचा?"

"तुमच्या त्या पहिल्या विभाजनाचा. एकरी किती होते?"

सर चिडतात. मग एकदा त्यांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसला इम्तियाज खांडे, वेंकटेशन सुंदरेशन आणि सहकाऱ्यांनी भातात काय केलं ते सांगितलं. भ्रूण सुरू करणारं बेबी बूम नावाचं जनुक एरवी बापाकडून चालू होऊन येतं. ते त्यांनी अंडपेशीतच चालू केलं, जोडीला जनुकांची सरमिसळ करणारं अर्धसूत्री विभाजन टाळलं, आणि फलनाशिवाय आईची हुबेहूब नक्कल असलेलं बी मिळवलं.

अकोल्यानं चहाचा कप खाली ठेवला. "थांब. म्हंजे हायब्रीडचं बी कास्तकारानं घरचंच ठेवाचं? दरसाली पिशवी घ्याचं काम नाही?"

"भातात तरी जमलं म्हणतात. आन् आपला संत्रा तं हे कधीचं करून राहिला. फुकटात."

"आधी काऊन नाही सांगितलं बे?"

"तू उतारा विचारत होता."

त्या दिवशी पहिल्यांदा एक पेशी आणि क्विंटल यांचा मेळ बसला. अकोल्याच्या गृहस्थांनी पुन्हा चहा मागवला, आणि वऱ्हाडातल्या कापसाला हे कधी जमेल यावर दोघं इतके भांडले की सरांची शेवटची गाडी चुकली.

आता ती वाटणी. शेंदुरजनाघाटच्या बाजूचं गाव, दोन भाऊ, आठ एकर, त्यातली निम्मी संत्र्याची. सरांना न्यायला-आणायला मी होतो, म्हणून हे डोळ्यांदेखत घडलेलं. वडील गेल्यावर थोरल्यानं शेती केली, धाकटा त्याच पैशावर शिकला आणि आता वरूडला कृषी सेवा केंद्र चालवतो.

मामांनी तोंड उघडलं. "भांडनाचं काम नाही. आठ एकर हाय, चार-चार करा."

सरांनी चष्मा काढून पुसला. ही खूण मला माहीत होती. मी दाराजवळ सरकलो.

"सारखं?" सर म्हणाले. "राजेहो, पहिलाच भाग सारखा पाडला का खेळ बिघडला समजा. अराबिडॉप्सिसच पाहा." सगळ्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "पहिली पेशी आधी लांब होते. मंग आडवी दुभागते. वरची लहान, खालची मोठी. लहानीतून जवळपास सगळा भ्रूण होते. मोठीतून मुख्यतः सस्पेन्सर. योडा जनुक बिघडलं का हा भेद मिटते, आन् सस्पेन्सरच राहत नाही जागेवर."

धाकट्याचा चेहरा उजळला. "म्हंजे सारं घर माह्याच्यातून चालते?"

"हाव."

"आन् वावर?"

"तुले कमी."

चेहरा विझला. आता थोरला सरसावला. "मंग मले जास्त. बरोबर हाय सराईचं. आन् मी म्हंजे कोन?"

"तुम्ही सस्पेन्सर. धाकट्याले उचलून धराचं. त्याच्यापर्यंत रस पोचवाचा."

"थे तं वीस वर्षांपासून करूनच राहिलो. मंग?"

सर क्षणभर थांबले. "मंग काम संपते. थो वाळून जाते."

आतल्या खोलीत भांडं आपटल्याचा आवाज आला. वहिनी ऐकत होत्या.

थोरला काही बोलला नाही. त्यानं तंबाखू चोळली, चिमूट ओठात ठेवली आणि मग विचारलं, "सर, एक सांगा. थो सस्पेन्सर जन्माचाच बिनकामाचा असते, का त्याले कोनी दाबून ठेवते?"

हा प्रश्न सरांना एम.एस्सी.च्या वर्गानं सगळ्या नोकरीत विचारला नव्हता. दुसरा कुणी असता तर त्यानं बैठक सांभाळली असती. पण या नमुन्याची खोड अशी की माहीत असलेलं झाकून ठेवणं त्याला जमत नाही, मग ते स्वतःच्या मुद्द्यावर पाणी का ओतेना.

"दाबून ठेवते," सर म्हणाले. "वरचा भ्रूणच दाबून ठेवते. २०१५ मध्ये करून पाहिलं लोकाईनं. वरचा भ्रूण लेसरनं जाळला, तं खालच्या सस्पेन्सरच्या पेशी दुभागाले लागल्या आन् त्यातूनच नवा भ्रूण होऊ लागला. कुवत पहिल्यापासूनच होती."

"हांऽऽ," थोरला म्हणाला. "मंग मलेही मोकळं करा. जाळू नोका फक्त कोनाले."

हसण्याचा असा फुगा फुटला की आतून वहिनी चहा घेऊन आल्या. धाकटाही हसला, पण थोडा उशिरा.

मग बैठक वेगळ्याच दिशेनं चालू लागली. जो तो सरांना प्रश्न विचारू लागला, आणि सर प्रामाणिकपणे स्वतःच्या विरोधात उत्तरं देऊ लागले. म्हातारा म्हणाला, नाल्यापाशी धुरा सरळ जात नाही, वाकडा पडेल, चालेल का. सरांनी फास नावाच्या बिघडलेल्या जनुकाची गोष्ट सांगितली. या बिघाडात पेशी वाटेल त्या दिशेनं दुभागतात, एक भिंत सरळ म्हणून नसते. रोप ठेंगणं आणि जाड होतं, पिंप हे नाव त्याला त्यावरूनच पडलं. तरी मूळ खाली, पानं वर, सगळं आपापल्या जागी. "म्हंजे रेघ कशी पडली याच्यानं काही अडत नाही. कोन कुठं उभा हाय, त्याच्या शेजारी कोन हाय, हे पेशीले समजलं का झालं." हे वाक्य बोलून सर स्वतःच गप्प झाले. सकाळपासून मांडलेल्या पहिल्या रेघेच्या महतीचं काय करायचं, हा प्रश्न त्यांनाही पडला असावा.

तलाठ्याच्या ओळखीच्यानं मध्येच सुचवलं, की आज तोंडी करून घ्या, मोजणी आणि धुरा पुढं पाहू. यावर मात्र सर कडाडले. "नोले!" तो माणूस दचकला. आपल्याला शिवी दिली असं त्याला वाटलं. नोले हे कंदावरून नाव ठेवलेलं जनुक. पेशी दुभागताना मधली नवी भिंत लहान लहान पुटकुळ्या एकमेकींत मिसळून तयार होते, आणि त्या मिसळायला या जनुकाचं प्रथिन लागतं. ते नसलं की केंद्रकं दोन होतात, पण भिंत अर्धवट राहते. एकाच खोलीत दोन-दोन मालक. "थे रोप लवकरच मरते," सर म्हणाले. "धुरा आजच पाडा."

पाडला. संध्याकाळपर्यंत चार-चार एकर झालं, नाल्यापाशी वाकड्या धुऱ्यासह, दगड रोवून, कागदावर सह्या होऊन. म्हणजे मामांनी पहिल्या मिनिटाला जे सांगितलं तेच. मामांनी ते बोलून दाखवलंही. सर म्हणाले, "हो, पण आता ते शास्त्राप्रमाणं झालं."

परतताना गाडीवर सर खुशीत होते. आपला मुद्दा पडला याची त्यांना खंत नव्हती. मुद्दा कोणत्या प्रयोगानं पडला हे बिनचूक आठवलं, याचाच आनंद होता. एरवी मत बदलायचं म्हणजे चौकात नाक कापल्यासारखं मानणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हा गुण वाया जातो, असं मला राहून राहून वाटतं.

थोरल्यानं पुढल्याच हंगामात पन्हेरी टाकली. त्या भागात तो मोठा धंदा आहे. जंबेरीचं बी गादीवाफ्यात पेरायचं, रोपं वाढवायची, त्यावर संत्र्याचा डोळा बांधायचा. जंबेरीच्या एका बीतूनही दोन-तीन कोंब येतात आणि बहुतेक आईची नक्कल असतात, म्हणून खुंट एकसारखे मिळतात. जे वेगळे दिसतात, बारके, वेड्यावाकड्या पानांचे, ते उपटून फेकायचे. कारण त्यांतच बहुधा बापाचाही अंश असतो, आणि अशा खुंटावरचं झाड कसं निघेल याचा भरवसा नसतो. सर दर हंगामाला तिथं जातात आणि ही उपटलेली रोपं पिशवीत भरून अमरावतीला आणतात. "एवढ्या गर्दीत हेच तं खरं फलनातून आले. असं दुसरं रोप जगात नाही," असं म्हणून त्यांनी साईनगरच्या घराचं सगळं अंगण जंबेरीनं भरलं आहे. काट्याला तोटा नाही. फळाचा पत्ता नाही. काकूंच्या किती साड्या त्यात गेल्या त्याचा हिशेब काकूंकडं आहे.

थोरल्याला ते कळलं असावं. एका पोळ्याला तो काकूंसाठी संत्र्याचं एक बांधलेलं कलम घेऊन आला.

"हे कायले आनलं?" सर म्हणाले. "खुंटावर डोळा बसवला. या संत्र्याच्या झाडात भ्रूण कुठी हाय?"

"संत्रं कुठी हाय थे मी विचारून राहिली," काकू म्हणाल्या आणि दोन जंबेऱ्या उपटून तिथं कलम लावलं.

पाचव्या वर्षी आंबिया बहाराची संत्री धरली. काकूंनी पहिलं सोललं तशी सरांनी खिशातलं ब्लेड काढलं. काकूंनी ते काढून घेतलं, फोडी बशीत मांडल्या आणि नियम सांगितला: आधी फोड, मग बी. सरांनी एक खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरी न सांगता घेतली.

"फळ माह्या विषयात येत नाही," ते म्हणाले, "पण गोड हाय."